बर्फावरून एका सीझनला बारा जातीचे मासे, वेडेपणा आहे का?

बर्फातला_बोका (मिनियापोलिस)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. मी मूळचा रत्नागिरीचा, मिरकरवाड्याला बाबांच्या शेजारी बसून गरी टाकत मोठा झालो, आता सहा वर्षं झाली मिनियापोलिसला. पहिले तीन हिवाळे खिडकीतून बर्फ बघत आणि शिव्या देत काढले, मग ऑफिसातल्या एकाने जबरदस्तीने तळ्यावर नेलं, बर्फाला भोक पाडलं, बादली उलटी करून त्यावर बसवलं आणि हातात ती खेळण्यातली वाटावी अशी दोन फुटाची काठी दिली. पंधरा मिनिटांनी तळहाताएवढं ब्लूगिल वर आलं तेव्हा मी जो ओरडलो तो शेजारच्या चार तंबूंनी तरी ऐकला असेल. तेव्हापासून लागलंय वेड.

गेल्या सीझनला सात वेळा गेलो. जाती मात्र मोजून तीन. ब्लूगिल, यलो पर्च आणि एक नॉर्दर्न पाइक, तोही एवढुसा की फोटो काढायला लाज वाटली. म्हणून यंदा ठरवलंय की जानेवारी ते डिसेंबर असं वर्षाचं टार्गेट ठेवायचं, फक्त बर्फावरून, बारा जाती. वहीत लिहून ठेवलंय: ब्लूगिल, पंपकिनसीड, क्रॅपी, पर्च, वॉलाय, सॉगर, नॉर्दर्न, लार्जमाउथ बास, टुलिबी, रेनबो ट्राउट, लेक ट्राउट आणि बर्बट. सामान म्हणाल तर बर्फाला भोक पाडायचा, हाताने फिरवायचा ऑगर, एक सेकंडहँड पोर्टेबल तंबू, छोटा हीटर आणि स्वस्तातला सोनार (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र). वेळ म्हणाल तर शनिवार नाहीतर रविवार, दोन्ही मिळणार नाहीत (बायकोचं म्हणणं, एवढ्या पेट्रोलमध्ये वर्षभराचे पापलेट आले असते, आणि हिशोब केला तर ती चुकत नाहीये).

बारा होतील का? का उगाच हसं करून घेतोय?

बॅरीची_ताई (ओंटारियो)

हसं कशाला, पण यादी उलटी केलीस रे. तू आधी मासे लिहिलेस आणि आता त्यांना शोधत फिरणार. आधी पाणी लिही. एका पाण्यात कुठल्या चार-पाच जाती आहेत ते बघ, म्हणजे तुझ्या दहा रविवारांचं काय होणार ते आपोआप दिसेल. मी लेक सिमकोच्या काठी राहते, इथे सकाळी खोल पाण्यावर लेक ट्राउट आणि व्हाइटफिश, आणि दुपारी उथळात येऊन पर्च, म्हणजे एका दिवसात तीन जाती नशिबात असल्या तर होतात. माझ्या पहिल्या वर्षी मी पण अशीच यादी केली होती आणि प्रत्येक माशासाठी वेगळं तळं शोधत बसले, अर्धा हिवाळा गाडीत गेला.

दुसरं, जानेवारी ते डिसेंबर कशाला? बर्फाचा सीझन त्या कॅलेंडरने मधोमध चिरला जातो. डिसेंबरमधला पहिला बर्फ एका वर्षात आणि त्याच हिवाळ्याचा मार्च दुसऱ्या वर्षात. पहिला बर्फ ते शेवटचा बर्फ असं मोज. आपलं आर्थिक वर्ष नाही का एप्रिलला सुरू होतं, तसं.

आणि एक कळकळीचं सांगते. मोजायचं आणि सोडून द्यायचं असा विचार असेल तर खोली बघून कर. तीस फुटांहून खोलातून पर्च किंवा वॉलाय वर ओढलास की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी कधी जठर तोंडातून बाहेर येतं. त्याला परत भोकात ढकललं तरी तो बर्फाखाली उलटा तरंगत मरतो, तुला दिसत नाही एवढंच. ट्राउटचं बरं असतं, तो ढेकर देऊन हवा सोडतो, भोकातून बुडबुडे येताना दिसतात. पर्चला ती सोय नाही. म्हणून खोल पाण्यातला पर्च खायचा असेल तरच काढायचा आणि पुरेसे झाले की जागा बदलायची. नुसत्या टिकमार्कसाठी मासा मारू नये असं मला वाटतं, बाकी ज्याची त्याची मर्जी.

जुना_गळवाला (डुलुथ)

ताईंनी बरोबर सांगितलं. मी इकडे वीस वर्षांवर झालो, आता जरा मिनेसोटाचा हिशोब सांगतो.

बाराचं स्वप्न चांगलंय पण तुझ्यासारख्या रविवारवाल्याला आठ झाले तरी पेढे वाट. पहिल्या बर्फाला, डिसेंबरात, घराजवळचीच तळी. दिवसा आठ-दहा फुटांत हिरवं गवत अजून जिवंत असेल तिथे ब्लूगिल, पंपकिनसीड आणि नशीब असेल तर बास. सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास वॉलाय. बाकी वेळ वॉलायसाठी बसायचं म्हणजे एसटी गेल्यावर स्टँडवर बसण्यासारखं. त्याचे डोळे अंधारात मांजरासारखे चमकतात, कमी उजेडात तो बघतो आणि पर्चला नीट दिसत नाही, त्या तासाभरात त्याचं जेवण.

रेनबोसाठी ट्राउटची तळी जानेवारीच्या मध्यावर उघडतात. क्रॉसबी गावाजवळ जुन्या लोखंडाच्या खाणींचे खड्डे पाण्याने भरलेत, कायुना म्हणतात त्या भागाला, तिथे ट्राउट सोडतात. पण ट्राउटच्या ठरलेल्या तळ्यांवर तुझ्या दोन गरींची एकच होते आणि जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) चालत नाही, लायसन्सवर ट्राउटचा वेगळा स्टँप पण लागतो. नियमांचं पुस्तक दरवर्षी नवीन निघतं, ते वाच, माझ्यावर विसंबू नको.

मग एक लाँग वीकेंड बायकोकडून मागून घे आणि सरळ लेक ऑफ द वुड्सला जा, बोडेटला. पाच तास गाडी. तिथे वॉलाय, सॉगर, पर्च, टुलिबी, नॉर्दर्न आणि बर्बट सगळे एकाच पाण्यात आहेत. रिसॉर्टवाले तुला बर्फावरच्या घरात नेऊन सोडतात, स्लीपर म्हणतात, आत बंक, गॅस आणि जमिनीला भोकं. तिथे वॉलायचा सीझन १४ एप्रिलपर्यंत चालतो, आपल्याकडच्या आतल्या तळ्यांवर फेब्रुवारीच्या शेवटीच बंद. आणि हो, लायसन्सचं वर्ष १ मार्चला बदलतं, मार्चमध्ये जुन्या लायसन्सवर क्रॅपी काढत बसशील आणि वॉर्डन येऊन उभा राहील. (क्रॅपीला इकडचे लोक क्रॉपी म्हणतात, दुकानात क्रॅपी म्हणालास की लगेच कळतं बाहेरचा आहे.)

लेक ट्राउट यंदा सोड. त्यासाठी ईली किंवा गनफ्लिंटच्या बाजूला जावं लागतं, तुझा अख्खा वीकेंड खाईल.

राहता राहिला बर्बट. इकडे ईलपाउट म्हणतात, वॉकर गावात त्याच्या नावाने भर फेब्रुवारीत जत्रा भरवायचे. कॉड माशांच्या खानदानातला, गोड्या पाण्यात राहणारा हा एवढा एकच. दिसतो वामाच्या आणि शिंगाळ्याच्या मधला काहीतरी, हनुवटीला एकच मिशी, आणि बाहेर काढला की शेपटीचा विळखा तुझ्या मनगटाला घालतो, पहिल्यांदा मी किंचाळलो होतो. बहुतेक मासे थंडीत सुस्त होतात आणि हा भर हिवाळ्यात बर्फाखाली अंडी घालतो. जानेवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात, रात्री, तळाशी, अंधारात चमकणारा जड स्पून (धातूचं आमिष) घे, त्याला मिनोचं मुंडकं लाव आणि तळावर आपट. लोक त्याला गरिबाचा लॉब्स्टर म्हणतात, मिठाच्या पाण्यात उकडून बटरमध्ये बुडवून खातात. लिव्हर टाकू नकोस, तेच तर खरं.

मालवण_किनारा

माका एक कळत नाय. आमच्याकडे एक रापण ओढली तर पंधरा-वीस जाती येतत, तारली, बांगडो, खरबी, पेडवो, काय काय ता, मोजूक कोण बसता. तुमी मायनसमध्ये बर्फार बसान वर्षभरात बारा? 😄

बरं आता सिरीयस प्रश्न. वर सगळं गोठलंय तर खाली मासे गोठत कसे नाहीत?

बॅरीची_ताई

अहो दादा, पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं. त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर येतं आणि बर्फ होतं, म्हणून तळाशी ४ अंशाच्या आसपासचं पाणी राहतं आणि मासे तिथे आरामात असतात. वरचा बर्फ म्हणजे गोधडीच. खरा त्रास थंडीचा नाही, हवेचा. उथळ तळ्यावर बर्फ आणि त्यावर जाड स्नो बसला की खाली उजेड जात नाही, वनस्पती ऑक्सिजन करत नाहीत, आणि वसंतात बर्फ वितळल्यावर काठाला मेलेले मासे लागतात.

रापणीची आठवण काढलीत आणि भूक लागली, देवगडची आहे मी.

विनिपेगचा_वऱ्हाडी

बोका भाऊ, थोडं उलट बोलतो, राग मानू नको. मी अकोल्याचा, घरात मासे फक्त सासुरवाडीला पाहिले, इथे येऊन शिकलो. आमच्या मॅनिटोबात मास्टर अँगलर म्हणून सरकारचा प्रोग्रॅम आहे, त्यात प्रत्येक जातीला लांबीची एक हद्द ठरलेली, त्याच्यावर मासा काढला की नोंद करायची. मी दोन वर्षं त्याच्या मागे लागलो होतो. काय झालं माहीत आहे का, लेक विनिपेगवर एवढाले हिरव्या पाठीचे वॉलाय, ग्रीनबॅक म्हणतात, लोक लांबून लांबून येतात त्यासाठी, आणि मी चांगला मासा हातात घेऊन आधी टेप लावत होतो, अर्धा इंच कमी भरला की तोंड पाडत होतो. माझा मुलगा म्हणाला बाबा, मासा भारी आहे ना, मग तुम्ही रडताय काऊन. तेव्हापासून टेप घरी.

म्हणून सांगतो, आकडा ठेव पण आकड्याच्या मागे गाडी नको पळवू. मी पळवलीय. एका वर्षी डिसेंबरात, एका जातीची टिक राहिली म्हणून, आमिषाच्या दुकानातल्या माणसाने सांगितलं बर्फ मस्त आहे गाडी जाते, मी विचारलं नाही की कुठे आणि किती, आणि किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर पुढचं चाक खाली. पाणी गुडघाभर होतं म्हणून आज टाइप करतोय. टोइंगचं बिल सांगत नाही, बायको वाचते हे.

जुना_गळवाला

वऱ्हाडी भाऊ हे सांगितलं ते बरं केलं, मी विसरलोच होतो लिहायचं.

बोक्या, ऐक. पायी जायला कमीत कमी ४ इंच, तेही स्वच्छ, नवा, काचेसारखा बर्फ. पांढरा, दुधाळ बर्फ निम्म्याच ताकदीचा, तिथे दुप्पट धर. मी स्वतः पाचच्या खाली पाय ठेवत नाही, वजन वाढलंय. लोखंडी पहार घेऊन दर थोड्या पावलांवर ठोकत जायचं, एका वारात पाणी आलं तर आल्या पावली मागे. दुसऱ्याचे बुटाचे ठसे म्हणजे पुरावा नाही. गळ्यात बर्फाचे टोचे अडकव, पडलास तर त्यांच्याशिवाय वर येणं फार अवघड, ओला बर्फ हाताला धरवत नाही. २०२३ च्या डिसेंबर शेवटी अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा सुटून वाऱ्याने सरकला, शंभरहून जास्त माणसं त्यावर अडकली होती, सगळी सुटली. त्या हिवाळ्यात तर बर्फच धड धरला नव्हता.

आणि तंबूत हीटर लावतोस तर खिडकी उघडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. तीस डॉलरची गोष्ट आहे. स्लीपरमध्ये झोपणार असशील तर स्वतःचा घेऊन जा, त्यांचा असला तरी.

बर्फातला_बोका

अरे बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पहार आणि टोचे आजच ऑर्डर केले. सीझनप्रमाणे मोजायचं हे पटलं, आणि यादी पण पाण्याप्रमाणे परत लिहिली, खरंच सोपं दिसायला लागलं. लेक ट्राउट खोडला. दहा ठेवतो, अकरावा आला तर बोनस.

दोन शंका. एक, सॉगर आणि वॉलाय वेगळे कसे ओळखायचे, फोटोत मला दोघं भाऊ वाटतात. दोन, नियम काय धरायचे, म्हणजे भोक मी पाडलेलं पाहिजे का, आमिष मी लावलेलं पाहिजे का वगैरे.

जुना_गळवाला

वॉलायच्या शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, जणू चुन्यात बुडवलंय, आणि पाठीवरच्या पहिल्या पराच्या मागच्या कोपऱ्यात काळा डाग. सॉगरच्या त्याच परावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी, अंगावर तपकिरी पट्टे. पंपकिनसीडला कानाच्या (म्हणजे कल्ल्यावरच्या पाळीच्या) टोकाला शेंदराचा ठिपका, ब्लूगिलचा कान नुसता काळा. दोघांची भेसळ पण असते, ती मोजायची का यावर आमच्यात भांडणं झालीत.

नियम तुझे तू ठरव, कोण विचारायला येतंय. माझा एकच आहे, मासा लागल्यापासून बाहेर येईपर्यंत दोर माझ्या हातात. दुसऱ्याने हुक बसवून काठी तुझ्या हातात दिली तर तो त्याचा.

बर्फातला_बोका

(मार्चमध्ये परत आलोय) मंडळी, सीझन संपला माझा. रिपोर्ट देतो, लांबलाय, सांभाळून घ्या.

ब्लूगिल, पंपकिनसीड, पर्च डिसेंबरातच झाले, घरापासून वीस मिनिटांवर. बास नाही मिळाला. वॉलायने पाच संध्याकाळी पाणी पाजलं, सहाव्या दिवशी तंबू आवरायला घेतला आणि दुसरी गरी वाकली. कायुनाला दोनदा गेलो, पहिल्यांदा सोनारवर मासा येऊन आमिषाकडे बघून परत जाताना दिसायचा, चार तास हेच, रडू यायचं बाकी. दुसऱ्यांदा काठी हलवणंच बंद केलं, नुसती धरून बसलो, आणि बारा इंचाचा रेनबो. अंगावर गुलाबी पट्टा, उन्हात धरला तर नवीन कांजीवरमसारखा. क्रॅपी फेब्रुवारीत, अंधार पडल्यावर.

मग लेक ऑफ द वुड्स. बायको आणि मुलगी (नऊ वर्षांची) दोघी आल्या, बायको म्हणाली एकदा बघते तरी कुठे जातात पैसे. बाहेर मायनस २२, आत टीशर्टवर. सॉगर पहिल्या तासात, नॉर्दर्न टिप-अपवर (मासा लागला की झेंडा वर करणारं साधन), टुलिबी नाहीच. संध्याकाळी सॉगर आणि पर्चची रवा लावून तुकडी, बायकोने घरून आगळाची बाटली आणली होती, बर्फावर सोलकढी केली. तिचं पेट्रोलबद्दल तेव्हापासून काही म्हणणं नाही.

तर आठ झाले. ब्लूगिल, पंपकिनसीड, पर्च, वॉलाय, रेनबो, क्रॅपी, सॉगर, नॉर्दर्न. आता खरा प्रश्न.

त्या घरात भिंतीला रॅटल रील असतात, म्हणजे काठी नाहीच, भिंतीवर एक चक्री, तिच्यात खुळखुळा, दोर खाली भोकात. मासा लागला की चक्री फिरते आणि वाजते, मग हाताने दोर ओढायचा. अगदी बाबा ओढायचे तसा. मी मिनोचं मुंडकं लावून तळाला सोडून झोपलो. रात्री अडीचला खुळखुळा वाजला, मी बंकवरून उतरेपर्यंत पोरगी भोकापाशी, दोर हातात, दोन हातांनी आळीपाळीने ओढतेय, तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी फक्त टॉर्च धरला. बर्बट. चांगला दोन फुटांचा, आणि शेपटीचा विळखा तिच्या मनगटाला, ती किंचाळली नाही, हसत होती.

भोक मी साफ केलेलं, आमिष माझं, दोर मी सोडलेला. नववा धरू का?

विनिपेगचा_वऱ्हाडी

भाऊ तू झोपला होता. विषय संपला.

बॅरीची_ताई

टॉर्च धरल्याचे अर्धे मार्क द्या हो त्याला. साडेआठ.

मालवण_किनारा

रापणीत दोराक जो हात लावता तेका वाटो मिळता, मग तो होडीवालो असो नायतर वाटेन जाणारो. तू दोराक हात लावलंस काय? नाय ना. मासो चेडवाचो. तुका खाऊक मिळालो ह्याच खूप.

जुना_गळवाला

माझा नियम वर लिहिलेला आहे, आता बदलत नाही. आठ. पेढे तरी वाट.

लिव्हर टाकलंस ना?

बर्फातला_बोका

... टाकलं.